गावातल्या मुलींचं रक्त कमी आहे, गोळ्या देऊनही खात नाहीत. बचत गटाच्या बायकांनी काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मोहोळ तालुक्यातल्या तुमच्या गावात शाळेच्या तपासणीत निम्म्याहून जास्त मुलींचं एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, १२ च्या खाली आलं, गोळ्या वाटल्या, पण मुली खात नाहीत. मी सोलापूरजवळ विडी कामगारांच्या वस्तीत अकरा वर्षं आशाचं काम करतेय. आमच्याकडेही असंच होतं, म्हणून आम्ही काय केलं तेच सांगते.

सगळ्यात आधी मुलींना विचारा, का खात नाही म्हणून. शाळेत नको, मास्तरांसमोर तर नकोच. घरी जाऊन शेजारी बसून विचारा. एक नववीतली पोरगी आईबरोबर मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. मी पण पानं कापायला बसले. बोलता बोलता तिने दप्तरातली कंपासपेटी उघडून दाखवली, आत पाच निळ्या गोळ्या. म्हणाली, "मावशी, गोळी सोमवारी देतात आणि माझा सोमवार असतो."

मी अशी गप्प झाले! आपलं गाव सिद्धेश्वराचं, निम्म्या मुली सोमवार धरतात. सकाळपासून पोटात फक्त चहा, त्यावर लोहाची गोळी. मळमळणार नाही तर काय होईल? एक मुलगी वर्गात उलटी करते आणि मग अख्खा वर्ग गोळी दप्तरात टाकतो. आम्ही चार आया घेऊन मुख्याध्यापकांकडे गेलो आणि गोळीचा वार मंगळवार करून घेतला, तोही खिचडी खाऊन झाल्यावर, सगळ्यांनी एका रांगेत बसून. बाईंनी स्वतः पहिली गोळी घेतली. एवढ्या एका बदलाने जे झालं ते वर्षभराच्या पोस्टरांनी झालं नव्हतं.

ही आठवड्याची गोळी ६० मिलिग्रॅम लोहाची, बरोबर फॉलिक ॲसिड. ती रक्त कमी होऊ नये म्हणून असते. ज्यांचं आधीच कमी आलंय त्यांना एवढ्यावर भागत नाही, त्यांना रोजचा डोस लागतो आणि तो उपकेंद्रातून किंवा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायचा. एचबी ८ च्या खाली असेल तर पालेभाजी, गूळ, खजूर करत बसू नका, त्या मुलीला सरळ सरकारी दवाखान्यात न्या. पाळीत फार जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. मुली स्वतःहून हे सांगत नाहीत.

दुसरी अडचण घरातली. आमच्याकडे अव्वाचा, म्हणजे आजीचा, शब्द शेवटचा. एका अव्वाने नातीच्या गोळ्या चुलीत टाकल्या, कारण संडास काळी झाली होती. तिला वाटलं पोरीच्या पोटात काही जळतंय. जे लोह अंगी लागत नाही ते तसं बाहेर पडतं, घाबरायचं कारण नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून आम्ही आजीबायांची बैठक वेगळी घेतो. आयांना घरी गाठायला जमत नाही, तर त्या कारखान्यात माल द्यायला रांगेत उभ्या असतात तिथे जातो. तुमच्याकडे ऊसतोड, खुरपणीच्या टोळ्या असतील, तिथे बांधावर बोला.

अशाच एका बैठकीत मी विचारलं, "काल रात्री घरात शेवटी कोण जेवलं?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक बाई म्हणाली, "मी आणि माझी थोरली." भाजी संपलेली, चटणी-भाकरी खाल्ली दोघींनी. तिथून आमच्या गटाने ठरवलं की मुलीचं ताट बापाच्या ताटाबरोबर वाढायचं. सोपं नाही ताई, अजून सगळ्या घरांत झालेलं नाही.

खाण्याचं म्हणाल तर महागाचं काही लागत नाही. हुलग्याची शेंगोळी, शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी, थंडीत बाजरीची भाकरी, भिजवलेल्या अळिवाची खीर. वर लिंबू पिळाच, आंबटामुळे लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणाबरोबर नको, तासभर तरी मागे-पुढे. सकाळी चहात भाकरी कुस्करून खायची आपली सवय तेवढी मोडायला हवी. आणि सांगोल्याचं डाळिंब लाल आहे म्हणून रक्त वाढतं असं आयांना वाटतं, बिटाचंही तेच. दोन्हींत लोह फार कमी असतं. फळ म्हणून खाऊ द्या, पण त्याच पैशात हुलगे आणले तर जास्त उपयोग होईल.

जंताची गोळी वर्षातून दोनदा मिळते, ती चुकवू नका, आणि जंत तळपायातूनही शिरतात, म्हणून शेतात अनवाणी जाणाऱ्या मुलींना चपला घेऊन द्या. आमच्या गटाने व्याजाच्या पैशातून घेतल्या.

मुलग्यांना सोडू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींचं रक्त कमी निघालं, पण मुलग्यांतही ३१ होते. मुलगेही रांगेत बसले की "मुलींची गोळी" हा शिक्का पुसला जातो आणि गोळीने लग्नानंतर मूल होत नाही ही अफवाही थांबते.

शाळा सुटलेल्या मुलींची यादी मात्र तुम्हालाच करावी लागेल, त्या कुणाच्याच रजिस्टरात नीट नसतात. एका गल्लीला एक बाई असं वाटून घ्या, अंगणवाडीताईंना बरोबर घ्या, आणि तीन महिन्यांनी सगळ्यांचं एचबी पुन्हा करून मागा. तुमच्या शाळेत गोळीचा वार कोणता आहे, ते इथेच कळवा.