‘सिलेक्शन’चं वाक्य करून आणू नका

प्रश्न : काकू, नमस्कार. मी इंदूरला एका इंग्लिश मीडियम शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. यंदा आम्ही वर्गात एली वीझेल यांचं ‘नाइट’ वाचतोय, हिटलरच्या नाझी राजवटीनं ज्यू लोकांचा संहार केला त्यातून वाचलेल्या मुलाच्या आठवणी. शाळेचं म्हणणं असं की पुस्तक वाचतोच आहोत तर मुलांची व्होकॅब पण वाढली पाहिजे, म्हणून दर आठवड्याला वीस अवघड शब्द, अर्थ, समानार्थी-विरुद्धार्थी, वाक्यात उपयोग आणि शुक्रवारी टेस्ट. मी तसंच केलं. मागच्या शुक्रवारी वर्गातल्या चांगल्या हुशार मुलानं ‘डिपोर्ट’चं वाक्य लिहिलं की होमवर्क केला नाही म्हणून मॅडमनी रोहनला क्लासबाहेर डिपोर्ट केलं, आणि ‘एमेसिएटेड’चं, की डाएटिंग करून माझी ताई एमेसिएटेड झाली. ग्रामर बरोबर, मार्क द्यावेच लागले, पण घरी येऊन मला रडूच आलं. आता हे शब्द शिकवणं बंदच करू का?
– एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : काकू म्हणालीस म्हणून तूच म्हणते. बंद नको करूस. आणि त्या मुलाला काही बोलू पण नकोस, त्याची चूक नाहीये. शब्द पुस्तकातून उपटून फळ्यावर एकटा लिहिला की पोरं आपल्या घरातलं, वर्गातलं जे असेल तेच त्यात भरणार, दुसरं कुठून आणतील?

मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि या विषयावरचं पुस्तक शिकवताना मला कळलं ते हे की त्यातल्या शब्दांचे आधी दोन ढीग करायचे. एक ढीग लिहिणाऱ्याचे शब्द. भूक, थंडी, भीती, बाप-लेकाचं नातं हे सांगायला त्यानं निवडलेले. हे भरपूर शिकव. पण वीस नको गं, पाच-सहा पुरे, आणि त्याच पानावर, त्याच वाक्यात. एमेसिएटेड घे. मुलांना विचार, या माणसानं काल काय खाल्लं होतं? पातळ सूप आणि पावाचा तुकडा. मग मराठीत काय म्हणाल? बारीक? किडकिडीत? कृश? किडकिडीत मूल घरात धावत असतं, कृश तर उपास करणारा साधू पण असतो. ‘खंगलेला’ म्हटलं की कळतं, याचं शरीर कुणीतरी किंवा कशानंतरी हळूहळू खाल्लंय. आमच्या वर्गात यावर अर्धा तास भांडण व्हायचं, हिंदीवाली मुलं ‘मरियल’ म्हणायची, मराठीवाली नाही म्हणायची, आणि त्या भांडणात तो इंग्रजी शब्द पक्का बसायचा. ताईच्या डाएटिंगला तो लावायचा नाही हे मग सांगावं लागत नाही.

दुसरा ढीग आहे मारणाऱ्यांच्या, म्हणजे नाझींच्या ऑफिसातल्या शब्दांचा, आणि गंमत नाही, मला खरंच याची काळजी वाटते, कारण हे शब्द अवघड नसतात म्हणून कुठल्याच लिस्टमध्ये येत नाहीत. सिलेक्शन, ट्रान्सपोर्ट, इव्हॅक्युएशन, रिसेटलमेंट, स्पेशल ट्रीटमेंट, फायनल सोल्यूशन. दिसायला साधे, पण माणसं मारणं झाकायला वापरलेले. आपल्या इंदूरच्या मुलाला सिलेक्शन म्हणजे काय माहितीये? भंवरकुआंच्या कोचिंगचे होर्डिंग, टॉपरचे फोटो, घरी पेढे. ट्रान्सपोर्ट म्हणजे ट्रान्सपोर्ट नगर. आणि कॉन्सन्ट्रेशन कॅम्प ऐकून एका मुलीनं मला विचारलं होतं की मॅडम, तिथे अभ्यासात लक्ष लागायला शिकवायचे का. मी हसले नाही, कारण शब्दाचा तिला माहीत असलेला अर्थ तोच होता. म्हणून मराठीत आपण छळछावणी म्हणतो ते किती बरोबर आहे बघ, त्यात काही लपवलेलं नाही.

ऑशविट्झमध्ये, म्हणजे नाझींच्या सगळ्यात मोठ्या छळछावणीत, सिलेक्शन म्हणजे गाडीतून उतरलेल्या माणसांच्या रांगेसमोर एसएसचा, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाचा, डॉक्टर उभा, तो एका बाजूला पाठवणार ते कामाला, दुसऱ्या बाजूला पाठवणार ते थेट गॅस चेंबरला. वीझेल तिथे पोचले तेव्हा १५ वर्षांचे, तुझ्या दहावीच्या मुलांएवढे. १९४४ च्या मे ते जुलैच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे जेमतेम आठ आठवड्यांत, हंगेरीच्या ताब्यातल्या भागातून सुमारे ४ लाख ४० हजार ज्यू माणसं गाड्यांत कोंबून नेली, बहुतेक सगळी ऑशविट्झला, आणि पुस्तकात एका डब्यात ८० माणसं आहेत. कागदावर त्याला शब्द होता ट्रान्सपोर्ट. आणि इव्हॅक्युएशन? आपल्याकडे पूर आला की लोकांना वाचवायला हलवतात तो शब्द. तिथे जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौज जवळ आली म्हणून हजारो कैद्यांना बर्फातून चालवत नेलं, मागे पडला त्याला गोळी. वीझेल आणि त्यांचे वडील त्यात गेले, आणि जे आजारी म्हणून दवाखान्यातच राहिले त्यांच्यातले काही २७ जानेवारीला सुटले. वडील पुढे बुखेनवाल्डला, जर्मनीतल्या दुसऱ्या छावणीत गेले ते तिथेच वारले. आता सांग, या शब्दाचं ‘वाक्यात उपयोग करा’ कसं विचारायचं?

त्याऐवजी या ढिगातल्या प्रत्येक शब्दाला मी तीनच प्रश्न विचारायची. हा शब्द कोण वापरतंय, कुणाला ऐकवायला, आणि त्यामागे खरं काय घडतंय. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे प्रोफेसर व्हिक्टर क्लेम्परर, ज्यू घरात जन्मलेले, यांनी नाझी काळात चोरून डायरी लिहिली आणि रोजच्या भाषेत काय काय शिरतंय ते टिपून ठेवलं, १९४७ मध्ये त्याचं पुस्तक झालं. तुझ्या वर्गाला पण एक वही काढायला लाव. आपली मुलं कडक सरांना हिटलर म्हणतात ना, तो शब्द पण त्या वहीत आला पाहिजे, त्यावर बोला.

ज्यूंच्या या संहाराला म्हणतात तो होलोकॉस्ट शब्दच शिकवशील तर हेही सांग की तो ग्रीक आहे, पूर्ण जाळून दिलेली आहुती असा मूळ अर्थ. मुलं लगेच यज्ञ, हवन लिहून आणतात. पण त्या माणसांनी स्वतःला कुणाला अर्पण केलं नव्हतं, म्हणून पुष्कळ ज्यू लोक शोआ म्हणतात, हिब्रूत सर्वनाश. ‘जेनोसाइड’, म्हणजे वंशसंहार, हा शब्द तर राफाएल लेमकिन या ज्यू वकिलांनी बनवला, १९४४ मध्ये छापला, कारण आधी या गुन्ह्याला नावच नव्हतं. मुलांना हे फार आवडतं, की शब्द कुणीतरी बनवतो.

शाळेला टेस्ट हवी तर पहिल्या ढिगाची दे, मार्क तिथून येतील. आणि प्रिन्सिपलना त्या मुलाचा पेपर दाखव, नाव झाकून. तो बघितल्यावर तुला फार काही समजवावं लागणार नाही.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, असंच पुस्तक वाचतोय. विचारतो, आई, ज्यू म्हणजे कोण? मला नीट सांगता येईना.
– एक आई, रामबाग

उत्तर : मराठीतूनच सांगा. कोकणात शेकडो वर्षं राहिलेले बेने इस्राएल लोक ज्यू आहेत आणि त्यांची घरची भाषा मराठी. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणायचे त्यांना. आडनावं पेणकर, किहीमकर, गावावरून पडलेली, आपल्यासारखीच. एवढं सांगा आणि मग पुस्तक वाचू द्या, फक्त झोपायच्या आधी नको, संध्याकाळी वाचू दे आणि तुम्ही घरातच जवळपास असा, मध्येच उठून काही विचारायला येईल तो.