काकूला काकूच म्हण

प्रश्न : माझी आई वारली, वडील गावी निघून गेले. तेव्हा लालबागच्या चाळीतल्या शेजारच्या काकूंनी मला ठेवून घेतलं. १९८२चे गणपती होते, मी पाच वर्षांची. काका गिरणीत, घरात दोन मुलगे. लग्न होईपर्यंत मी तिथेच वाढले, दत्तकविधान काही झालं नाही. काकूंना राख्यांची हौस. गॅलरीत गोंडे बांधत बसायच्या, मी डझन मोजायचे. पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध आहे. मला दोन शब्द बोलायचेत. थोरला मुलगा म्हणतो, "तू मानलेली. आणि आई साधी गृहिणी, तिच्याबद्दल बोलणार काय?" बोलू का? बोलले तर 'आई' म्हणू का?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचताना मी त्या सालापाशी अडकले. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. म्हणजे गणपतीत तू त्या दारात आलीस तेव्हा सात महिने पगार नव्हता, आणि काकूने पाचवं ताट मांडलं! तुला तेव्हा काय कळणार. थोरल्याला आठवायला हरकत नव्हती, पण असो.

आणि हौस कसली गं? डझनावर पैसे मिळायचे त्या गोंड्यांचे. संपात कित्येक घरं बायकांच्या अशाच कामावर तगली. खानावळवाल्यांना निदान प्रेमा पुरव भेटल्या, १९७५मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गॅलरीत बसून गोंडे बांधणारीला मात्र घरचेसुद्धा 'साधी गृहिणी' म्हणून मोकळे होतात. तू मोजलेले डझन म्हणजे त्या घरातलं रेशन होतं.

तेव्हा बोल. 'त्यागमूर्ती', 'मायेची सावली' नको. ते शब्द नाक्यावरच्या प्रत्येक फ्लेक्सवर असतात. साल सांग, गोंडे सांग, बोटांना दोरा काचायचा तो सांग. आणि जन्मभर काकू म्हणालीस ना, मग काकूच म्हण. माईकसमोर एकदम 'आई' म्हटलंस तर तुलाच परकं वाटेल.

तुझ्या भावाला (मी भाऊच म्हणणार) बहुधा खोलीची धास्ती आहे. मृत्युपत्रात नाव नसेल, तर दत्तक न घेतलेली मुलगी १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने वारस ठरत नाही. तुला खोली नकोच असेल, तर एकदा चहाला बस आणि त्याला तोंडावर सांग. वकिलाला विचारल्याशिवाय लिहूनबिहून मात्र काही देऊ नकोस.

आधी एक कर. चाळीत त्या वेळची एखादी म्हातारी असेलच, तिला गाठ. राखीचा माल कोण आणून टाकायचं, डझनाला किती सुटायचे, विचार. आकडा मिळाला तर मलाही कळव.