नमुन्यावर वेळ लिहावी

कोल्हापूर

प्रिय विद्यार्थिनी,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा सावकाश वाचला. अपुरी झोप, रक्तातील साखर आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या गाठी हे तिन्ही विषय तू एकाच प्रबंधात घेतले आहेस. त्यांतला गाठींचा भाग आताच वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा गाठींमुळे शरीरातच जादा कॉर्टिसॉल (मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन) तयार होऊन होणारा कुशिंग सिंड्रोम दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला साधारण दोन-तीन जणांत नव्याने आढळतो. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. म्हणजे प्रत्येक रुग्णाचे निदान झाले असे धरले, तरी वर्षाला दहाच्या आसपासच रुग्ण मिळतील, आणि त्यांतले काही उपचारासाठी पुण्या-मुंबईला जातील. एवढ्यांवर प्रबंध उभा राहत नाही. रातपाळीचे कामगार मात्र शिरोलीच्या फाउंड्रींत, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि गळीत हंगामात साखर कारखान्यांत हवे तितके भेटतील.

तरीही गाठींविषयीचे वाचन सोडू नकोस, कारण संप्रेरक मोजताना घड्याळ का पाहावे लागते, हे त्या आजारातून फार चांगले कळते. निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल पहाटेपासून चढत जाऊन जाग येण्याच्या सुमारास सर्वाधिक होते आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जाते. कुशिंगमध्ये रात्रीचा हा उतार नाहीसा होतो, पण सकाळचा आकडा पुष्कळदा सामान्य मर्यादेतच राहतो. म्हणून रात्री उशिराच्या लाळेतील कॉर्टिसॉल तपासतात. रातपाळी करणाऱ्याची झोप-जागच उलटी झालेली असते, त्यामुळे निदानासाठी ही तपासणी अशा माणसांवर वापरू नये, असा संकेत आहे. तुझ्या आराखड्यात सरसकट सगळ्यांसाठी ‘रात्री ११ वाजता नमुना’ एवढेच लिहिले आहे. आठवड्याला पाळी फिरणाऱ्या कामगाराच्या बाबतीत त्या अकराचा अर्थ दर आठवड्याला बदलतो. म्हणून प्रत्येक नळीच्या चिठ्ठीवर घेतल्याची वेळ लिही. शिवाय नोंदवहीत तो शेवटचा झोपून केव्हा उठला, पाळी कोणत्या दिवशी फिरली आणि शेवटचे जेवण कधी झाले, हे त्याच्यासमोरच लिहून घे, दुसऱ्या दिवशी आठवून नको.

लाळेच्या नमुन्यात इकडच्या काही सवयी घोटाळा करतात. मिश्री लावताना हिरड्यांतून रक्त आले आणि ते लाळेत मिसळले, तर आकडा फसवा वाढतो, कारण रक्तातील कॉर्टिसॉल लाळेच्या कितीतरी पट असते. घसा बसला म्हणून कोणी ज्येष्ठमधाची काडी चघळत असेल, तर त्यातील ग्लिसिरायझिक आम्ल लाळग्रंथीतील कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करणाऱ्या एन्झाइमला अडवते आणि आकडा पुन्हा वाढतो. उलट, सांधेदुखीच्या पुड्यांत किंवा गोरेपणासाठी लावलेल्या मलमात स्टेरॉइड असेल, तर शरीराची स्वतःची कॉर्टिसॉलनिर्मिती दबलेली सापडू शकते. ‘औषध घेता का?’ असे विचारलेस, तर ‘नाही’ हेच उत्तर मिळेल, कारण मलमाला कोणी औषध म्हणत नाही. घरात असलेली पाकिटे आणि ट्यूबा बरोबर घेऊन यायला सांग.

झोप आणि साखर यांच्या संबंधाबद्दल तू १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या शिकागोच्या प्रयोगाचा आधार घेतला आहेस. तो महत्त्वाचा आहेच; सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात घालवल्यावर ग्लुकोज हाताळण्याची क्षमता घटली आणि संध्याकाळचे कॉर्टिसॉल वाढले, हे त्यात दिसले. परंतु तो अकरा निरोगी तरुण पुरुषांवरचा होता, आणि तुलना त्यानंतरच्या बारा-बारा तास अंथरुणात घालवलेल्या रात्रींशी केलेली होती. सहा रात्रींच्या जागरणाचा निष्कर्ष वर्षानुवर्षे तिसरी पाळी करणाऱ्या पंचेचाळिशीच्या कामगाराला जसाच्या तसा लावता येणार नाही, आणि खरे तर तुझ्या अभ्यासाची गरज तिथेच आहे. प्रस्तावनेत हे ठळकपणे मांड.

केवळ वजन-उंचीच्या गुणोत्तरावरही (बीएमआय) विसंबू नकोस. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचे आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी-शेजारी प्रसिद्ध केले होते: दोघांचे बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. कमरेचा घेर मोजायला साधी फीत पुरते, तेव्हा ते माप न घेण्याला काही कारण नाही.

साखर कारखाने सुरू झाले की कामगारांना सवड मिळत नाही, म्हणून नैतिक समितीकडचा अर्ज पावसाळ्यातच दे आणि संमतीपत्र मराठीत कर. आराखडा दुरुस्त करताना नमुन्याच्या नोंदीचा तक्ता मला आधी पाठव. प्रस्तावना नंतर पाहू.

कळावे.