पाच फूट नऊ इंचांचा लाइनबॅकर

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला असतात. नातू नववीत आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर खेळतो. उंची कमी पडते, पुढच्या वर्षी जागा मिळेलच असं नाही, असं प्रशिक्षकांनी त्याला सांगितलं. तेव्हापासून पोरगा फोनवर नीट बोलत नाही. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. तरुणपणी कबड्डी खेळलोय, तेवढंच. हा लाइनबॅकर नेमकं करतो काय? आणि बुटक्या पोराला त्यात काही भवितव्य आहे का?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : काका, कबड्डी खेळलायत म्हणजे अर्धं काम झालं. चढाईला आलेल्या गड्याच्या हातांकडे बघायचं नसतं, कमरेकडे आणि पायांकडे बघायचं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. लाइनबॅकरचं सगळं आयुष्य याच नजरेवर चालतं.

बचाव करणारे ११ जण असतात. पुढे धिप्पाड गड्यांची फळी, समोरच्याच्या अंगाला भिडलेली. पार मागे चपळ गडी, लांब फेकलेल्या चेंडूसाठी. मधल्या पट्ट्यात तीन किंवा चार लाइनबॅकर. चेंडू घेऊन कुणी घुसला तर त्याला आडवा करायचा, चेंडू फेकला जाणार असेल तर मागे धावून वाट अडवायची, आणि कधी थेट क्वार्टरबॅकवरच, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावरच, तुटून पडायचं. यातलं काय करायचं हे डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवावं लागतं.

माझा मुलगा इथल्याच, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका शाळेत ही जागा खेळला. त्याला शिकवलेली पहिली गोष्ट अंगाला अंग भिडवायची नव्हती, समोरच्या गार्डचा, म्हणजे त्यांच्या पुढच्या फळीतल्या गड्याचा, जमिनीवर टेकलेला हात बघायची होती. बोटांची नखं पांढरी पडली असतील तर भार पुढे आहे, म्हणजे तो ढकलायला येणार, चेंडू घेऊन कुणीतरी धावणार. हात नुसताच टेकलेला आणि भार टाचांवर असेल तर तो मागे सरकणार, म्हणजे चेंडू फेकला जाणार. हुशार गार्ड फसवतातही, म्हणून एकाच खुणेवर भरवसा ठेवता येत नाही. पण हे सगळं वाचायला सहा फूट उंची लागत नाही.

आता तुमच्या नातवाच्या गावच्या संघाचाच माणूस सांगते. सॅम मिल्स. जन्म १९५९, न्यू जर्सीतला. उंची पाच फूट नऊ इंच. माँटक्लेअर स्टेट या छोट्या कॉलेजात तो खेळला आणि तिथे गाजला, पण १९८१ मध्ये एनएफएल या तिथल्या सर्वात मोठ्या व्यावसायिक स्पर्धेतल्या एकाही संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला घेतलं नाही. क्लीव्हलँड ब्राउन्सनी सराव शिबिराला बोलावलं आणि काढून टाकलं. पुढच्या वर्षी कॅनडातल्या टोरांटो संघानेही तेच केलं. मिल्स न्यू जर्सीला परतला आणि ईस्ट ऑरेंजच्या शाळेत फोटोग्राफी शिकवू लागला. तिथल्या पोरांना फुटबॉलही शिकवायचा.

मग १९८३ मध्ये यूएसएफएल ही नवी स्पर्धा निघाली. फिलाडेल्फिया स्टार्स संघात मिल्सला जागा मिळाली. प्रशिक्षक होते जिम मोरा. तीन हंगाम ही स्पर्धा चालली, तिन्ही वेळा स्टार्स अंतिम सामन्यात होते आणि १९८४ व १९८५ ची विजेतेपदं त्यांनी घेतली. १९८६ मध्ये मोरा न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे प्रशिक्षक झाले आणि मिल्सला बरोबर घेऊन गेले. सेंट्स १९६७ पासून खेळत होते, पण हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले असा एकही हंगाम त्यांच्या नावावर नव्हता. असा पहिला हंगाम आला १९८७ मध्ये. पुढे रिकी जॅक्सन, व्हॉन जॉन्सन, पॅट स्विलिंग आणि मिल्स या चौघांना लोक ‘डोम पट्रोल’ (घुमटाचे पहारेकरी) म्हणू लागले. १९९२ च्या हंगामात एकाच संघाचे हे चारही लाइनबॅकर प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्याला निवडले गेले.

उंचीचा त्याला तोटा नव्हता का? होताच. पण मैदानाच्या मधोमध बुटकेपणाचा फायदाही असतो, हे लोक विसरतात. अडवणाऱ्याला समोरच्या गड्याच्या छातीखाली शिरायचं असतं. जो मुळातच खाली आहे, त्याच्या खाली कोण कसा शिरणार? आजवर शिकवलेल्यांतला सर्वोत्तम खेळाडू मिल्स, असं मोरा सांगत आले. माझाही कौल तोच. मी पाहिलेल्या लाइनबॅकरांत इतक्या शांत डोक्याने खेळणारा दुसरा नाही.

१९९५ मध्ये कॅरोलायना पँथर्स हा नवाकोरा संघ निघाला. मिल्स तेव्हा ३६ वर्षांचा, म्हणजे या खेळात म्हाताराच. संघाचं शार्लटचं स्टेडियम अजून बांधून व्हायचं होतं, म्हणून पहिलं वर्ष ते शेजारच्या साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसनला खेळले. पहिले पाचही सामने हरले. सहावा न्यूयॉर्क जेट्सशी. जेट्सचा क्वार्टरबॅक बबी ब्रिस्टरने जवळच्या गड्याला चेंडू अलगद पुढे ढकलायला घेतला. मिल्सने ते आधीच ओळखलं, चेंडू मधेच उचलला आणि ३६ यार्ड धावत जाऊन टचडाउन केलं, म्हणजे शेवटची रेषा ओलांडून गुण मिळवले. संघाचा तो पहिला विजय. पुढच्या वर्षी, ३७ व्या वर्षी, त्या हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव होतं.

१९९७ च्या हंगामानंतर तो थांबला आणि त्याच संघाच्या लाइनबॅकरांना शिकवू लागला. २००३ च्या ऑगस्टमध्ये आतड्याचा कॅन्सर निघाला. केमोथेरपी चालू असतानाही तो मैदानावर येत राहिला. जानेवारी २००४ मध्ये डॅलसशी बाद फेरीचा सामना होता. आजार कळला तेव्हा माझ्यापुढे दोनच वाटा होत्या, सोडून देणं किंवा घाव घालत राहणं, असं त्याने संघातल्या पोरांना सांगितलं. पँथर्सनी तो सामना २९-१० असा जिंकला आणि थेट सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली. तिथे न्यू इंग्लंडकडून अवघ्या तीन गुणांनी हरले. एप्रिल २००५ मध्ये मिल्स गेला, वय ४५. आज ‘कीप पाउंडिंग’ (घाव घालत राहा) हे त्याचे शब्द पँथर्सच्या जर्सीच्या कॉलरच्या आत शिवलेले असतात, घरच्या सामन्याआधी त्याच नावाचा ढोल वाजतो, आणि त्याचा ५१ क्रमांक संघात दुसऱ्या कुणाला मिळत नाही. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. हॉल ऑफ फेम या मोठ्या सन्मानासाठी मात्र २०२२ पर्यंत वाट पाहायला लावली, याचं मला अजून वाईट वाटतं.

काका, नातवाला खोटी आशा लावू नका. मिल्ससारखे फार थोडे. लंडन फ्लेचर नावाचा लाइनबॅकर पाच फूट दहा इंचांचा, त्यालाही निवडीत कुणी घेतलं नव्हतं आणि तो १६ हंगाम एकही सामना न चुकवता खेळला. पण अशी नावं बोटांवर मोजण्याइतकीच. कॉलेजात खेळायला मिळेल की नाही हे आज कुणीच सांगू शकत नाही. शाळेच्या संघातली जागा मात्र हातची आहे. पुढच्या फोनवर उंचीचा विषय काढूच नका. त्याला विचारा, ‘समोरच्या गार्डच्या हातावरून तुला काय ओळखता येतं?’ मग कबड्डीत तुम्ही काय ओळखायचात ते सांगा. शनिवार-रविवारी त्याला पुतळ्यापाशी घेऊन जा, असं लेकीला सांगा.

प्रश्न : माझा मुलगाही लाइनबॅकर आहे. डोक्याला लागणाऱ्या माराचं वाचून झोप उडते. त्याला खेळ सोडायला लावू का?
– एक आई, कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर : ताई, भीती रास्त आहे. ज्युनियर सेऊ २० हंगाम खेळला, नावाजलेला लाइनबॅकर. २०१२ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढे तपासणीत त्याच्या मेंदूत सीटीई हा विकार सापडला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी तो जोडला जातो, आणि माणूस जिवंत असताना त्याचं पक्कं निदान होत नाही. हेल्मेटने कवटी वाचते, पण आतल्या मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही.

आमच्याच पँथर्सचा लूक कीकली पाहा. २०१३ चा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू. प्रतिस्पर्धी काय करणार हे तो आधीच ओरडून सांगायचा. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ तीन वर्षं त्याला कन्कशन (मार बसून मेंदूला होणारी इजा) झालं. २०१६ मध्ये गाडीवरून मैदानाबाहेर नेताना त्याला आवरत नव्हतं, रडत होता. जानेवारी २०२० मध्ये, २८ व्या वर्षी, तो निवृत्त झाला. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं.

खेळ आजच्या आज सोडायला लावा असं मी म्हणणार नाही. पण आपल्या राज्यात २०११ पासून कायदा आहे : कन्कशनचा संशय आला की मुलाला लगेच बाहेर काढायचं, त्या दिवशी परत खेळवायचं नाही, आणि लेखी परवानगीशिवाय पुन्हा उतरवायचं नाही. तो तुमच्या शाळेत पाळला जातो का, हे स्वतः जाऊन विचारा. आठवड्यात किती दिवस पूर्ण टक्कर देऊन सराव होतो, तेही विचारा. उत्तर टाळलं तर मुलाला काढून घ्या.

आणि पोरं लपवतात. माझ्या मुलाने डोकं दुखतंय हे सांगितलंच नव्हतं. स्वयंपाकघरातला दिवा लावला की तो डोळे मिटून घ्यायचा आणि ताट उचलून अंधाऱ्या खोलीत जायचा, त्यावरून मला कळलं. डॉक्टरांनी त्याला काही आठवडे बसवलं. दुखतंय असं सांगितल्याने घरात कुणी रागावणार नाही, हे मुलाच्या कानावर पुन्हा पुन्हा घाला.

प्रश्न : टीव्हीवर सामना बघताना लाइनबॅकर ओळखायचा कसा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका शोधा. २००८ पासून बचावातल्या एकाच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकांचा आवाज ऐकू येणारं यंत्र बसवायची परवानगी आहे. बहुतेक वेळा तो मधला लाइनबॅकरच असतो. चेंडू खेळात आणायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज बंद होतो. मग तो हातवारे करून बाकीच्यांना जागा बदलायला लावतो. रविवारचे पहिले सामने भारतात रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला.