जहाजाची खिडकी कुठली घ्यावी?

प्रश्न : लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं मुंबई-गोवा क्रूझला निघालोय. बिनखिडकीची, खिडकीची की बाल्कनीची केबिन घ्यावी? हिला गगनबावड्याचा घाट उतरतानाही गाडी लागते.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : काका, बाल्कनीचा मोह सोडा. काकूंसाठी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खिडकीची केबिन घ्या. जहाज सी-सॉसारखं हलतं. टोकं वरखाली होतात, मध्य त्यामानाने स्थिर राहतो. जितकं वर जाल तितका झोकाही मोठा, आणि बाल्कन्या बहुधा वरच असतात. मळमळायला लागलं की दूरच्या क्षितिजाकडे बघत राहिल्याने बरं वाटतं, म्हणून बिनखिडकीची नको. स्वस्तात पडते म्हणून मी माझ्या आईला तशी घेऊन दिली होती. दिवा मालवला की मिट्ट काळोख. पहाटे पाचला उठणारी माझी आई आठ वाजेपर्यंत रात्रच समजून पडून राहिली, याचं मला अजून वाईट वाटतं.

ही खिडकी उघडत नाही, काच पक्की बसवलेली असते. वाऱ्यासाठी डेकवर जायचं. पैसे भरण्याआधी एजंटकडून डेकचा नकाशा मागून घ्या आणि खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली नाही ना, एवढं नक्की विचारा. ‘अडथळ्याचं दृश्य’ म्हणून स्वस्तात देतात ती हीच केबिन.

गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला, सूर्यास्त उजव्या. रंकाळ्यावर संध्याकाळी बसणाऱ्यांनी उजवीच बाजू मागावी. परतताना मात्र बाजू उलटतात.