संस्थेचा मोबाइल उशाशी कशाला?

"मावशी, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, वय 33. सहा वर्षांपासून एका संस्थेतर्फे वस्त्यांमध्ये काम करते. घरातली मारहाण, बालविवाह, शाळा सुटलेली मुलं, सगळंच. सध्या माझ्या नावावर साठेक केसेस आहेत. संस्थेचा मोबाइल रात्री उशाशी असतो. आखातीजच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर बालविवाह लागतात, म्हणून तिच्या आधीचे पंधरा दिवस धड झोप नव्हती. नंतर एक बाई तिसऱ्यांदा नवऱ्याकडे परत गेली, तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडले, 'मग खा मार!' त्याच आठवड्यात एका मुलीची हकीकत ऐकताना मला काहीच वाटलं नाही. गिरणीतून दळण आणायचं राहिलंय, एवढंच मनात आलं. आणि माझ्या चार वर्षांच्या लेकीला आंघोळ घालताना मी तिच्या पाठीवर खुणा शोधते. सासूबाई म्हणतात, झेपत नाही तर सोड. मी या कामाला नालायक झालेय का?"

बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा आंघोळीपाशी अडले. ते वाक्य तू शेवटी, घाईघाईनं लिहिलंयस. म्हणून तिथूनच सुरू करते.

दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांच्या अंगावरचे वळ बघायचे, कुठे किती, कशाचे, ते लिहून काढायचं, आणि संध्याकाळी ते डोळे चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचे, असं कुणालाच जमत नाही. जे आपल्यावर गुदरलं नाही, नुसतं ऐकलं, त्याचाही घाव बसतो. मग शेजारचे काका खाऊ द्यायला आले तरी आपण त्यांचे हात बघतो. या क्षेत्रात याला दुय्यम आघात म्हणतात. नुसता थकवा असता तर महेश्वरला दोन दिवस घाटावर बसून आलीस की उतरला असता. हे सुट्टीनं जात नाही, बोलावं लागतं, आणि ज्याला ऐकायचं शिक्षण आहे अशा माणसाशी. नवऱ्याला केस सांगू नकोस, ती तुझ्या विश्वासावर सोपवलेली गोष्ट आहे. पण तू लेकीची पाठ तपासतेस, हे त्याला आजच सांग. ती गोष्ट तुझी आहे.

आता दळण. रागावू नकोस, मला हसू आलं. मीही एका परिवार परामर्श केंद्रात, म्हणजे घरातली भांडणं-मारहाण ऐकून सल्ला देणाऱ्या केंद्रात, बरीच वर्षं बसले आहे. समोर एक सून भाजलेला हात दाखवत होती आणि मी मनात सिलिंडरचा नंबर लावत होते. घरी येऊन स्वतःला किती कोसलं! पुढे कळलं की मन भरून वाहायला लागलं की ते आपणच झाकण लावून घेतं. तू निगरगट्ट झालेली नाहीस. निगरगट्ट माणूस मावशीला पत्र लिहीत नाही.

तेव्हा आमच्या केंद्रात एक वयस्क बाई होत्या, मूळच्या ग्वाल्हेरच्या, बोलायला फटकळ. एका संध्याकाळी त्यांनी दारातच माझी पिशवी घेऊन टेबलावर उलटी केली. तीन फायली, न खाल्लेला डबा आणि नवऱ्यानं सकाळी टाकायला दिलेलं पत्र. फायली कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं, किल्ली चौकीदाराला दिली आणि म्हणाल्या, "आता जा." पहिले चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

'बर्नआउट' हा शब्द आज आयटीवाल्यांचा वाटतो ना? 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञानं त्यावर लिहिलं ते न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात सेवाभावानं राबणाऱ्यांना पाहून, आणि स्वतःची गत पाहून. म्हणजे शब्द तुझ्याच बिरादरीतला. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणी साचलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तुझ्या पत्रात तिन्ही आहेत. पण ताण कामाच्या जागी साचलाय, तर पहिला उपायही तिथेच व्हायला हवा. तू पहाटे उठून प्राणायाम करावास आणि साठ केसेस साठच राहाव्यात, याला मी उपाय म्हणत नाही.

तेव्हा कागद घे. साठही केसेस लिही आणि प्रत्येकीपुढे एकच गोष्ट: जीवाला धोका आहे, चालू आहे, की नुसती उघडी पडून आहे. माझा अंदाज, तिसऱ्या रकान्यात बऱ्याच निघतील. तो कागद घेऊन संस्थेच्या ताईंकडे जा आणि विचार, यातल्या कुणाकडे द्यायच्या, कुठल्या बंद करायच्या. रडून सांगू नकोस, आकड्यांनी सांग. महिन्यातून एकदा, हिशेब न मागता नुसत्या केसेसवर बोलायला एखादी अनुभवी व्यक्ती माग. आणि आखातीज दरवर्षी येते, पंचांगात आधीच छापलेली असते; तिच्या पुढच्या आठवड्याची रजा आत्ताच टाकून ठेव.

मोबाइल. रात्री दोनला तू लोकमान्य नगरातून काय करणार आहेस? शेवटी पोलिसांनाच फोन लावणार. मग त्या बाईला पोलिसांसाठी 112, महिला हेल्पलाइनसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 पाठ करून दे, तुझ्यासमोर लावायला लाव. रात्रीच्या फोनची पाळी संस्थेत वाटून घ्या. ज्या रात्री तुझी पाळी नाही, त्या रात्री तो मोबाइल तुझ्या घरात नको.

त्या बाईकडे मात्र जा. ओरडलीस ते चुकलंच, माफी माग, फार लांबवू नकोस. मारणाऱ्याचं घर बायका एका फेरीत सोडत नाहीत. मुलं असतात, पैसा नसतो, माहेर दार लावून घेतं. शिवाय सोडून जाण्याचा काळच सर्वांत धोक्याचा असतो, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. ती चौथ्यांदा निघेल तेव्हा तिला तुझं दार आठवायला हवं. तीन वेळा परत जाणं हा तिच्या आयुष्याचा हिशेब आहे, तुझ्या कामाचा निकाल नव्हे.

सासूबाईंच्या बोलण्यात मला टोमण्यापेक्षा काळजी जास्त दिसते. पण नोकरी सोडायची की नाही, हे झोप नसलेल्या माणसानं ठरवू नये. तीन महिने थांब. कागद दाखवूनही संस्था ढिम्म राहिली, तर ती संस्था सोड. तेव्हाही काम सोडायलाच हवं असं नाही. झोप परतली नाही, कशातच गोडी उरली नाही किंवा जगणं नको वाटू लागलं, तर तीन महिने काय, तीन दिवसही थांबू नकोस. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. इतरांना देतेस तसा तो स्वतःलाही दे.

आणि लेकीच्या आंघोळीचं काम काही दिवस तिच्या बाबांकडे दे. नंतर तिला समोर बसव आणि वेण्या तू घाल.

तुझी मावशी