एचिंग: कोरलेलं की चारलेलं?

प्रश्न असा आहे: वेन्सेस्लाउस होलार (1607–1677) या चित्रकाराने केलेल्या पक्ष्यांच्या एचिंगना (म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा उमटवून कागदावर छापलेल्या चित्रांना) मराठीत ‘कोरीव चित्रं’ म्हटलं तर चालेल का?

मला ते पटत नाही. ताम्रपट कोरतात तेव्हा हत्यार थेट तांब्यात घुसतं. एचिंग करणाऱ्याची सुई तांब्यात घुसत नाही. पत्र्यावर मेण-राळेचा पातळ थर असतो, सुई तेवढाच खरवडते आणि तिथे उघडं पडलेलं तांबं पुढे आम्ल खातं. मेणावर सुई टाकासारखी मोकळी फिरते. फ्रान्सिस बार्लो या चित्रकाराच्या चित्रांवरून होलारने काढलेल्या पक्ष्यांची पिसं बघा, सगळी बारीक, सुटी, भरभर ओढलेल्या रेघांची. कोरताना हत्यार जोर लावून पुढे ढकलावं लागतं. तिथे अशी रेघ सहज येत नाही.

आता शब्दाकडे येतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. इंग्रजीने ‘एच’ हे क्रियापद डचमधल्या ‘एत्सन’वरून घेतलं आणि डचमध्ये ते जर्मन ‘एट्सेन’वरून आलं. त्याचा मूळ अर्थ ‘खायला घालणं’. ‘एसेन’ म्हणजे खाणं, त्याचं हे प्रयोजक रूप. आपल्याकडे ‘चरणं’वरून ‘चारणं’ होतं ना, अगदी तसंच. याच शब्दाचं जुळं भावंड ‘आत्सेन’, आणि जर्मनमध्ये ते पक्षी पिलांना भरवतात त्यासाठी वापरतात! आम्लाला तांबं चारणं आणि पिलाला किडा भरवणं, दोन्ही एकाच शब्दाच्या पोटातलं. संस्कृत ‘अद्’ हा धातूही याच कुळातला. आपलं ‘अन्न’ त्यातूनच आलं.

आणखी एक सांगायलाच हवं. नायट्रिक आम्लात पत्रा ठेवला की रेघांवर बारीक बुडबुडे धरतात. ते तसेच राहिले तर रेघ नीट खाल्ली जात नाही, म्हणून ते हलक्या हाताने झाडतात. कशाने? पक्ष्याच्या पिसाने.

‘अम्लरेखन’ हा शब्द चुकीचा नाही, पण मुद्राचित्रं करणाऱ्यांच्या तोंडी ‘एचिंग’च असतं, आणि मीही तेच लिहीन. क्रियापद मात्र मराठी ठेवा: ‘होलारने सुईने रेखलं, आम्लाने तांबं खाल्लं.’ होलार स्वतःही पुष्कळ ठशांवर नावापुढे लॅटिनमध्ये ‘फेकिट’ लिहितो, म्हणजे ‘केलं’. ‘कोरलं’साठी ‘स्कुल्प्सिट’ हा शब्द त्या काळी सर्रास चालत होता.